हरकत नाही

मेणबत्ती राहू दे. जनरेटर वॉर्डासाठी आहे, ड्रायव्हरांच्या खोलीसाठी नाही, हे मला या हॉस्पिटलात लागलो तेव्हाच सांगितलं होतं. अंधारात बसून कुणी मरत नाही. दार तेवढं ओढून घे, वारा बोचतोय.

तर तू त्या कंपनीत चाललास. डोक्यात चिप बसवलेल्या लोकांच्या घरी जायचं, मशीन तपासायचं, चहा प्यायचा, परत यायचं. अँब्युलन्सपेक्षा मऊ काम आहे, खरं आहे. जा, मी कोण अडवणारा. पण माझा साडू तिथंच होता, त्याचं काय झालं ते ऐकून जा. ज्याला हसायचंय त्यानं आत्ताच हसून घ्या. मधे दात काढलेले मला चालत नाहीत.

साडू म्हणजे माझ्या बायकोच्या धाकट्या बहिणीचा नवरा. कामात हुशार, पण त्याची खरी कमाई म्हणजे जीभ. रडणाऱ्या पोराच्या हातातून खेळणं काढून घेईल आणि पोर वर त्यालाच टाटा करेल, असा गोडबोल्या. लग्नात आमच्यात भांडण लागलं तर सासरे त्याला पुढे करायचे. कंपनीनंही त्याला म्हणूनच घेतला असणार. मशीन दुरुस्त करणारे ढिगानं मिळतात, पेशंटच्या घरच्यांना गप्प बसवणारा लाखात एक.

डिसेंबरातला दुसरा शुक्रवार होता. दिवसभर धुकं उठलंच नव्हतं. साडू घरी निघायच्या तयारीत असताना साहेब त्याच्या टेबलाशी आले आणि म्हणाले, "बाईंच्या घरचा डबा यायचा राहिलाय. सोमवारी सगळं सामान परत पाठवायचंय. जाता जाता उचलून आण."

"उद्या सकाळी गेलो तर?"

"तुझ्या वाटेवरच आहे ना ते घर?"

वाटेवर होतं. साडूनं गाडीची किल्ली उचलली.

बाई म्हणजे बसस्थानकावर घोषणा करणाऱ्या बाई. कुठली गाडी कुठल्या फलाटाला लागली, कुणाची पिशवी सापडली, सगळं त्यांच्या आवाजात. गावानं त्यांचा चेहरा पाहिला नव्हता, पण आवाज तान्ह्या पोरालाही ओळखू यायचा. मग एके दिवशी मेंदूत रक्त साकळलं. हातपाय गेले, वाचा गेली. डोळे तेवढे राहिले आणि आतली बाई राहिली, जशीच्या तशी. कैक वर्षं त्या खाटेवर छताकडे बघत पडून होत्या. धाकटी बहीण करायची त्यांचं सगळं.

कंपनी अशाच माणसांवर चाचणी करत होती. कवटी उघडायची, नखाएवढी चिप मेंदूवर ठेवायची आणि उशाशी एक डबा, रेडिओएवढा. बाईंनी मनात शब्द जुळवले की डबा बोलायचा. आवाज त्यांचाच, स्थानकातल्या जुन्या रेकॉर्डिंगवरून तयार केलेला. पहिल्या दिवशी डबा काय म्हणाला माहीत आहे? "प्रवाशांनी कृपया लक्ष द्यावे. मला चहा हवा आहे." घरभर हशा. धाकटी बहीण हसता हसता भिंतीला टेकून रडायला लागली. पुढे बाई ते 'कृपया' मुद्दाम लावायच्या. कृपया खिडकी लावा. शेजारीणबाईंनी कृपया आपल्या घरी जावे. वर्षभर त्या घरात नुसती बडबड चालली होती.

मग कंपनीनं चाचणी गुंडाळली. का, ते वरच्यांना ठाऊक. हवं ते समजलं असेल. उंदीर असते तर पिंजरे धुऊन ठेवले असते. माणसं होती म्हणून फुलांचे गुच्छ पाठवले.

बंद करायचाही एक नियम होता. घरच्या माणसासमोर पेशंटला विचारायचं, तुमची हरकत आहे का? आहे म्हणाले तर हात लावायचा नाही, प्रकरण डॉक्टरांच्या समितीकडे जायचं. सप्टेंबरात साडूनं बाईंना विचारलं होतं, धाकट्या बहिणीसमोर. बाई काही बोलल्या नव्हत्या. हरकत नाही, असं ठरलं. डबा बंद झाला. थंडी पडायला लागली आणि बाई गेल्या.

त्या घराशी साडूनं गाडी लावली तेव्हा पुढचा दिवाही दिसत नव्हता इतकं धुकं. बहीण पडदे शिवायची. पुढच्या खोलीत शिलाई मशीन, कुठल्यातरी लॉजच्या खिडक्यांचं तपकिरी कापड जमिनीवर ढीग घालून पडलेलं. तिनं दार उघडलं. या म्हणाली नाही.

"मॅडम, मी कंपनीतून—"

"ओळखते मी तुम्हाला. बूट बाहेर."

साडूनं बूट काढले, आत पाऊल टाकलं आणि टाच झटक्यात वर उचलली.

"टाचण्या पडल्यात," ती म्हणाली. "जपून." आणि मशीनवर जाऊन बसली.

साडूनं मोज्यातली टाचणी काढली. असल्या घरांची त्याला सवय होती. "फार वाईट झालं, मॅडम," तो म्हणाला. "बाई म्हणजे आमच्या सगळ्यांच्या—"

"डबा आतल्या खोलीत आहे."

तो आत गेला. खाटेवरची गादी गुंडाळून ठेवलेली. उशाशी टेबल, टेबलावर डबा. सप्टेंबरपासून कुणी हात लावलेला नव्हता, वरती धूळ बसलेली. वायर भिंतीपासून सुटून लोंबत होती. साडू ती गुंडाळायला लागला. खोलीत दिवा पिवळा, खिडकी बंद, तरी बोटं आखडत होती.

"इथं फार गार आहे," डबा म्हणाला.

साडूच्या हातातली वायर सुटली.

स्वच्छ आवाज. शब्द न शब्द सुटा. बसस्थानकावरचा.

आत चार्ज उरला असेल, असं त्यानं स्वतःला समजावलं. होतं असं कधी कधी. त्यानं डबा उलटा केला, झाकण सरकवलं, बॅटरी काढली आणि पँटच्या खिशात टाकली. डबा काखेत मारला. पाच मिनिटांत गाडीत बसू, असा विचार करत तो बाहेरच्या खोलीत आला. बहिणीचं मशीन खडखडत होतं. तिनं मान वर केली नाही.

"येतो मग, मॅडम."

"एक विचारायचं होतं." मशीन चालूच. "त्या दिवशी मी बाहेर होते. तुम्ही हाक मारलीत, मग मी आत आले. त्याच्या आधी ती काही बोलली होती का?"

साडूच्या चेहऱ्यावर ठेवणीतलं हसू आलं. "नाही हो. अगदी शांत होत्या. मला वाटतं, त्यांच्या मनाची तयारी—"

"बोलल्या होत्या," डबा म्हणाला.

मशीन थांबलं.

 

"जुनं रेकॉर्डिंग असतं यात," साडू म्हणाला. "कधी कधी आपोआप..."

"रेकॉर्डिंग नाही," डबा म्हणाला. "बॅटरी माझ्या खिशात आहे."

साडूचा हात नकळत खिशाकडे गेला. बहिणीनं तो हात पाहिला. ती उठली. कापड ओलांडून दाराशी गेली, कडी लावली आणि कडीला पाठ टेकून उभी राहिली. कात्री हातातच होती. उगारली नव्हती. कापता कापता उठलेल्या बाईच्या हातात असते, तशी.

"आवाज तिचा आहे," ती म्हणाली. "पण बोलताय तुम्ही."

"मॅडम, मी तोंडही उघडलेलं नाही..."

"तेच म्हणतेय मी. उघडू नका." तिनं डब्याकडे पाहिलंच नाही. साडूच्या कपाळाकडे बघत होती. "काय बोलली होती ती?"

साडूनं ओठ आवळले. मनात काही येऊच द्यायचं नाही. पण मन म्हणजे काय नळ आहे, पिळला की बंद व्हायला? काहीतरी दुसरं आणायचं. शाळेतलं. पाढे.

"सतरा एके सतरा," डबा म्हणाला. "सतरा दुणे चौतीस. सतरा त्रिक एक्कावन्न. नको म्हणाल्या. सतरा चोक अडुसष्ट. बंद करू नका म्हणाल्या. सतरा पंचे..."

डबा थांबला.

"किती वेळा म्हणाली?"

"तीनदा. तिसऱ्यांदा कृपया म्हणाल्या."

 

"मग?"

साडूनं डबा जमिनीवर ठेवला. कापडात ढकलला. वरून दोन्ही हातांनी ते तपकिरी कापड दाबलं. कापडाखालून आवाज तसाच आला, जराही दबलेला नाही.

"साहेबांना फोन केला. साहेब म्हणाले, समितीकडे गेलं तर महिना जाईल. आधी आवाज बंद कर. मग बहिणीला बोलव. मग विचार."

"म्हणजे मी आत आले तेव्हा..."

"डब्याचा आवाज बंद होता. चिप चालू होती. त्या बोलत होत्या."

"कुणाला ऐकू जात होतं?"

"कुणालाच नाही. माझ्या हातातल्या टॅबवर शब्द येत होते. मी टॅब छातीशी धरला होता."

साडू गुडघ्यांवर होता. टाचण्या टोचत होत्या, त्याचं भान नव्हतं त्याला. हे विचारू नये, एवढं एकच त्याला वाटत होतं. नाही, हे एक विचारू नये...

"काय शब्द येत होते?"



"तुम्हाला हाक मारत होत्या," डबा म्हणाला.

  बहिणीनं कात्री मशीनवर ठेवली. कडी काढली. दार सताड उघडलं. धुकं आत यायला लागलं.

"उचला ते."

"मॅडम, मी हुकमाचा ताबेदार, मला साहेबांनी..."

"मी तुम्हाला शिव्या देणार नाही. मारणार नाही. मला तुमच्याशी काही करायचंच नाहीये." तिचा आवाज अगदी खाली आला होता. "तिचं तोंड तुम्ही घेतलंत ना? मग घेऊन जा."

बूट हातात घेऊनच तो गाडीत बसला. डबा मागच्या सीटवर टाकला. गाडी सुरू केली.

"पळ," मागून आवाज आला. "पळ इथून."

त्यानं रेडिओ लावला. मोठा केला. रेडिओच्या वर आवाज.

"हे खरं नाही. मी दमलोय. पुढं वळण आहे. दिसत नाहीये वळण. तिनं कुणाला सांगितलं तर. तिला विचारतंय कोण. पडदे शिवणारी बाई. बाईंचे डोळे कसे होते. नाही. बाईंचे डोळे. नाही."

तुम्ही कधी स्वतःच्या डोक्यातलं मोठ्यानं ऐकलंय? नका ऐकू. माणूस मनात जे बोलतो ना, ते त्याच्या बायकोनं ऐकलं तर दुसऱ्या दिवशी घरात चूल पेटायची नाही. आणि इथं ते मेलेल्या बाईच्या आवाजात येत होतं. शांत. थांबत थांबत. फलाटावरच्या लोकांना नीट कळावं असं.

गावाबाहेर कालव्याचा पूल लागतो. साडूनं पुलाच्या मधोमध गाडी थांबवली. मागचं दार उघडलं. डबा उचलला.

"फेक," डबा म्हणाला. "फेक याला."

त्यानं फेकला.

खाली पाणी दिसत नव्हतं, नुसतं धुकं. जरा वेळानं आवाज आला. डुबुक. एवढाच.

साडू कठड्याला धरून उभा राहिला. कान देऊन. पाणी वाहत होतं. गाडीचं इंजिन गुरगुरत होतं. दुसरं काही नाही.  त्यानं खिशातली बॅटरी काढली, तीही फेकली. गाडीत येऊन बसला, दार लावलं, काच वर केली, रेडिओ बंद केला.

शांत. पूर्ण शांत.

सुटलो, असं त्याच्या मनात आलं.

"सुटलो," त्याच्या कानाशी आवाज म्हणाला.

...

तो घरी पोचला तेव्हा माझी मेव्हणी दारात उभी होती. उशीर झाला म्हणून चिडलेली. गाडी आली, दिवे विझले, आणि तिला गाडीतून एका बाईचा आवाज ऐकू आला. साडू एकटाच उतरला.

"गाडीत कोण आहे?" तिनं विचारलं.

त्यानं मान हलवली. ओठ घट्ट मिटलेले.

"बाई कोण होती?"

त्यानं पुन्हा मान हलवली. तिनं त्याच्याकडे पाहिलं. दिवा त्याच्या तोंडावर होता, अगदी समोर. ओठ मिटलेले. गळा हलत नव्हता. आणि त्याच्याकडूनच, जिथं तो उभा होता तिथूनच, आवाज आला...

"हिला काय सांगू."

मेव्हणी किंचाळली वगैरे नाही. ती मागं सरली. एक पाऊल. मग अजून एक.

आठवडाभर तिनं काढला. चांगली बाई आहे, कसा काढला तिचं तिला माहीत. तो झोपला की आवाज थांबायचा, स्वप्न पडलं की परत सुरू. जेवताना, आंघोळीत, शेजारी बसायला आले तरी. शेजाऱ्यांबद्दल त्याला काय वाटतं ते शेजाऱ्यांना कळलं. तिच्याबद्दल काय वाटतं ते तिला. ती माहेरी गेली. त्याच्या डोक्याचे फोटो काढले, इथंच, आपल्या हॉस्पिटलात. मीच आणला होता त्याला गाडीतून. आत काही नाही. चिप नाही, टाका नाही, ओरखडा नाही. डॉक्टरांनी फोटो दोनदा काढले आणि तिसऱ्यांदा त्याला आत घ्यायला नर्स तयार होईना.

नोकरी गेली हे सांगायला नको. साहेब आहेत अजून. बढती मिळाली. तुझी मुलाखत तेच घेतील बहुतेक.

आता तू विचारशील, काका, त्या घरात बंद दाराआड काय झालं, पुलावर काय झालं, ते तुम्हाला कुणी सांगितलं? बहीण तर त्या दिवसानंतर कुणाशी या विषयावर बोलली नाही. साडूनंच सांगितलं. म्हणजे त्यानं नाही... पण त्याच्याकडूनच कळलं. त्याला आता काही लपवता येत नाही.

तो शहराच्या कडेला एका बंद गोदामात राहतो. राखणदार म्हणून. तिथं माणसं येत नाहीत, म्हणून त्याला बरं पडतं. मागच्या महिन्यात मी डबा घेऊन गेलो, जेवणाचा. तो डबा म्हटल्यावर असे दचकू नका. गोदामातली एक खोली, पलंग, स्टोव्ह, बसायला लाकडी खोकं. दाढी वाढलेली. मला बघून त्याला आनंद झाला, तो मी ऐकला. लगेच पाठोपाठ, हा कधी जाणार, हेही ऐकलं. मी काही मनावर घेतलं नाही.

पण मी ड्रायव्हर माणूस. डोळ्यांनी पाहिल्याशिवाय गाडी मागं घेत नाही. मी स्पष्ट विचारलं, "तू आतून घशातून बोलतोस. जत्रेतल्या बाहुलीवाल्यासारखं. काय?"

तो रागावला नाही. मानेनंच मडक्याकडे खूण केली. मी काचेचा ग्लास घेतला, माझ्या हातानं भरला, काठोकाठ, इतका की उचलताना एक थेंब माझ्या बोटावर सांडला. त्यानं ग्लास घेतला आणि पाणी तोंडात भरलं. गालफडं फुगली. ओठ मिटले. डोळे माझ्यावर.

मी वाट पाहत राहिलो.

मग आवाज सुरू झाला. त्या शुक्रवारपासून. साहेब टेबलाशी आले तिथपासून. टाचणी, पाढे, कापडाचा ढीग, पूल... सगळं. मी त्याच्या तोंडाकडे बघत होतो. गळ्याकडे बघत होतो. काहीच हललं नाही. बाहेर उजेड गेला. मला दिवा लावायला उठवेना. आवाज बोलत राहिला... थांबत थांबत... नीट ऐकू यावा असा.

संपलं, तेव्हा खोलीत पार अंधार होता.

मी मोबाइलचा उजेड केला. साडूनं खोक्यावरचा रिकामा ग्लास तोंडाशी धरला आणि ओठ उघडले. पाणी हळूहळू ग्लासात उतरलं. अर्ध्यावर आलं. वर चढलं. काठाला लागलं.

आणि तरी येतच राहिलं. काठावरून सांडून, खोक्यावरून, माझ्या पायाशी. गार. मला बोटानं चाखायचा धीर झाला नाही... पण वास आला मला. कालव्याचा.